मुळाचे टोक उघडे असलेल्या कायमच्या दाताचे रूट कॅनाल: ‘रिजनरेटिव्ह’ उपचाराबाबत मार्गदर्शन हवे आहे

बकुळफूल

नमस्कार. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी, वरचे पटाशीचे दोन कायमचे दात जेमतेम पूर्ण बाहेर आलेले असताना, दादरला आमच्या इमारतीच्या आवारात सायकल चालवत असता उखडलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये चाक अडकले आणि तो हँडलवर तोंडघशी आपटला. ओठ फुटला, उजव्या पटाशीच्या दाताचा लहानसा टवका उडाला आणि तो दात किंचित हलू लागला. त्याच संध्याकाळी आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे दात बोटाने हलवून पाहिला गेला, आठ दिवस मऊ अन्न द्यायला सांगितले गेले आणि दुखले तरच पुन्हा या, असे म्हटले गेले. एक्स-रे काढला गेला नाही. मुलाला पुढे काही दुखले नाही, म्हणून आम्हीही पुन्हा गेलो नाही, आणि ही चूक माझीही आहे हे मला मान्य आहे.

गेल्या महिन्यात दात घासताना त्याच्या हिरडीवर, त्या दाताच्या बरोबर वर, तांदळाच्या दाण्याएवढी पुळी दिसली. दाबल्यावर तिच्यातून पू आला. दातही शेजारच्या दातापेक्षा करडा दिसू लागला होता, जे रोज पाहत असल्यामुळे आमच्या लक्षातच आले नव्हते. या वेळी मुलांच्या दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी आरव्हीजी, म्हणजे दाताचा डिजिटल एक्स-रे, काढून पडद्यावर दोन्ही दात शेजारी शेजारी दाखवले. डाव्या दाताचे मूळ लांब झाले आहे आणि टोकाकडे निमुळते होत आले आहे. उजव्याचे मात्र अपघाताच्या वेळी होते तेवढेच राहिले आहे, त्याच्या भिंती पातळ आहेत आणि टोक नरसाळ्यासारखे उघडे आहे. टोकाभोवती हाडात काळी सावली दिसते.

त्यांनी सांगितले की दातातली नस मेली आहे, पण मूळ अर्धवट असल्याने मोठ्या माणसाचे करतात तसे रूट कॅनाल इथे करता येणार नाही. दोन मार्ग त्यांनी समोर ठेवले. पहिला, मुळाच्या टोकाशी एमटीए नावाच्या सिमेंटचे बूच बसवून वरचा भाग भरून टाकायचा. दुसरा, नलिका निर्जंतुक करून मुद्दाम आत रक्त येऊ द्यायचे आणि त्या गुठळीच्या आधाराने मूळ पुन्हा वाढते का हे पाहायचे. यालाच ते ‘रिजनरेटिव्ह’ उपचार म्हणतात. निर्णय घ्यायला त्यांनी आम्हाला आठ दिवस दिले आहेत. ज्यांनी आपल्या मुलांसाठी हा दुसरा उपचार करून घेतला आहे किंवा ज्यांना या विषयाची प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दंतवैद्य_पार्ले

बकुळफूल, तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही दातांची चित्रे शेजारी ठेवून दाखवली, हे फार योग्य केले, कारण या विषयातली निम्मी गोष्ट त्या एका तुलनेतच आहे.

कायमचा दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा त्याचे मूळ पूर्ण झालेले नसते. वरचे पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि त्यांचे मूळ पुरे व्हायला दहावे वर्ष उजाडते. साधारणपणे दात दिसू लागल्यापासून तीन वर्षे मूळ आतून वाढत असते. ही वाढ करणारी यंत्रणा दोन ठिकाणी असते. आतली दंतमज्जा, जिला आपण बोलण्यात नस म्हणतो, ती भिंतींवर आतून डेंटिनचे, म्हणजे दात ज्याचा मुख्यतः बनलेला असतो त्या कठीण पदार्थाचे, थर चढवत त्या जाड करते, आणि मुळाच्या टोकाशी असलेले पेशींचे नाजूक आवरण मुळाची लांबी व आकार ठरवते. अपघातात टोकाशी येणारा रक्तपुरवठा तुटला की मज्जा मरते आणि त्या दिवशी मूळ जिथे असेल तिथेच थांबते. तुमच्या मुलाचा उजवा दात साडेसात वर्षांच्या वयातच थांबला आहे.

नेहमीच्या रूट कॅनालमध्ये आपण नलिका कानशीने घासून रुंद करतो आणि टोकाशी असलेल्या अरुंद जागेवर टेकवून गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरतो. इथे घासायला भिंतच उरलेली नाही आणि टेकवायला टोकही नाही. भरलेला पदार्थ सरळ हाडात उतरेल. म्हणून पूर्वी अशा दातांत महिनोन्महिने कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध बदलत राहून टोकाशी कठीण थर तयार होण्याची वाट पाहिली जाई. ही पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली आणि मी शिकत असताना आम्ही तीच करत होतो. तिच्यातला दोष पुढे दिसून आला. स्वीडनमधील त्स्वेक यांनी १९९२ मध्ये अशा दातांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात मूळ सर्वांत कमी वाढलेल्या दातांपैकी ७७ टक्के, तर सर्वांत अधिक वाढलेल्यांपैकी २८ टक्के दात पुढे मानेशी, म्हणजे हिरडीजवळ, मोडलेले आढळले. २००२ मध्ये आंद्रेआसन यांनी मेंढ्यांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात कॅल्शियम हायड्रॉक्साइड दीर्घकाळ आत राहिल्याने डेंटिनची ताकद वर्षभरात सुमारे निम्म्यावर येते असे दिसले. जंतुसंसर्ग बरा झाला, हाड भरून आले, पण दात घासताना किंवा पेरू चावताना मोडला, असे आम्हीही पाहिलेले आहे.

तोराबिनेजाद यांनी अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात विकसित केलेले एमटीए १९९० च्या दशकात आले आणि महिनोन्महिन्यांचे काम एक-दोन भेटींत होऊ लागले. ही पद्धत आजही उत्तम आहे. फक्त तिने भिंत जाड होत नाही. दात आहे तसाच पातळ राहतो, त्याला आतून काँपोझिट या दाताच्या रंगाच्या भरावाने आधार देता येतो एवढेच. दुसऱ्या मार्गाचे आकर्षण नेमके इथे आहे.

तुमच्याकडून दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. दाताचा उडालेला टवका किती मोठा आहे? वरचा भाग बराच गेला असेल आणि पुढे नलिकेत पोस्ट, म्हणजे आधाराची काडी, बसवून दात बांधावा लागणार असेल, तर नलिकेची जागा मोकळी ठेवावी लागते आणि रिजनरेटिव्ह उपचार तिथे बसत नाही. दुसरे, पुढची चार-पाच वर्षे तुम्ही मुंबईतच असणार आहात का? हा उपचार दोन भेटींत संपला असे वाटते, पण खरा उपचार त्यानंतरच्या तपासण्यांमध्ये असतो.

बकुळफूल

डॉक्टर, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. टवका अगदी कोपऱ्याचा आहे, दोन मिलिमीटरपेक्षा अधिक नसेल. आम्ही मुंबईतच राहणार आहोत.

गिरगावकर

माझ्या मुलीवर हा उपचार झाला आहे, म्हणून लिहितो. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि दात पटाशीचा नव्हता, खालची दुसरी उपदाढ होती. तिला कधी मार लागला नव्हता, कीडही नव्हती, तरी एके सकाळी गाल सुजला. तीन ठिकाणी दाखवल्यावर एका एंडोडॉन्टिस्टनी, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञांनी, कारण सांगितले. तिच्या त्या उपदाढेच्या चावायच्या पृष्ठभागावर मधोमध डाळीच्या दाण्यासारखा एक उंचवटा जन्मतःच होता, त्याच्या आत मज्जेचा धागा गेलेला होता, आणि वरच्या दाताशी घासून तो उंचवटा मोडल्यावर आत जंतू शिरले होते. आशियाई लोकांत हे अधिक आढळते, असेही त्यांनी सांगितले. मुलांच्या उपदाढा नव्या आल्या की त्यांच्यावर असा उंचवटा आहे का, हे पालकांनी एकदा तपासून घ्यावे, कारण वेळीच कळले तर त्याभोवती सीलंट हा संरक्षक लेप लावून तो मोडण्यापासून वाचवता येतो.

आता उपचाराविषयी. पहिल्या भेटीत नलिका धुऊन औषध भरले. सूज आठवडाभरात उतरली. तीन आठवड्यांनी दुसरी भेट झाली, तेव्हा बारीक फाइल टोकापलीकडे नेऊन रक्त यायला हवे होते, ते पुरेसे आले नाही. मी बाहेर बसलो होतो, डॉक्टरांनी मला आत बोलावून स्क्रीनवर दाखवले आणि मुलीच्या दंडातून थोडे रक्त घेऊन त्यापासून पीआरएफ तयार करण्याची परवानगी मागितली. नळीतले रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर मध्ये पिवळसर, जेलीसारखा थर येतो, तो त्यांनी नलिकेत ठेवला. म्हणजे रक्त न येणे हा शेवट नाही, पण अशी वेळ येऊ शकते याची कल्पना आधी असलेली बरी. मुलीला सुईची भीती दाताच्या भुलीपेक्षा दंडावर अधिक वाटली.

दोन वर्षे झाली. हाड भरून आले आहे, भिंत जाड झाली आहे असे डॉक्टर मोजून सांगतात, लांबी मात्र फारशी वाढलेली नाही. दात किंचित करडा झाला आहे. खालचा, मागचा दात असल्याने आम्हाला त्याचे काही वाटत नाही. तुमच्या मुलाचा दात मात्र अगदी समोरचा आहे, म्हणून रंगाविषयी डॉक्टरांना जरूर विचारा.

तर्कशील

मी या क्षेत्रातला नाही, परंतु एक शंका मांडतो. ‘रिजनरेटिव्ह’ या शब्दामुळे पालकांची अशी समजूत होते की मेलेली नस पुन्हा जिवंत होते. हे खरोखर घडते का? आणि घडत नसेल, तर तीस वर्षांचा अनुभव पाठीशी असलेली एमटीएची पद्धत सोडून मुलावर नवी पद्धत का वापरावी?

निवासी_डॉक्टर

मी एंडोडॉन्टिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तर्कशील यांची शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर पालकांना आधीच मिळायला हवे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

कल्पना नवी नाही. नॉर्वेचे नीगार्ड-ओस्त्बी यांनी १९६१ मध्येच रक्ताच्या गुठळीपासून नलिकेत ऊती वाढते का, याचे प्रयोग केले होते. जंतुसंसर्ग झालेल्या नलिकेत ते जमत नव्हते. जपानमध्ये होशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले की सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि मिनोसायक्लिन यांच्या मिश्रणाने संसर्गित डेंटिन निर्जंतुक होऊ शकते. २००१ मध्ये इवाया आणि सहकाऱ्यांनी एका तेरा वर्षांच्या मुलीच्या खालच्या उपदाढेचे उदाहरण प्रसिद्ध केले, ज्यात ३० महिन्यांनंतर भिंती जाड झालेल्या दिसल्या. २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी उपचाराच्या पायऱ्या नीट मांडल्या, आणि तेव्हापासून जगभर ही पद्धत पसरली. दोन वर्षांनी सोनोयामा, शी आणि सहकाऱ्यांनी अर्धवट मुळाच्या टोकाशी असलेल्या ऊतीत स्टेम पेशी, म्हणजे नव्या ऊती घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, असल्याचे दाखवले. या पेशींना आजूबाजूच्या हाडाकडून भरपूर रक्त मिळत असल्याने आत पू झालेला असतानाही त्या पुष्कळदा जिवंत राहतात, आणि टोकापलीकडे फाइल नेऊन रक्त आणले की त्या पेशी रक्ताबरोबर नलिकेत येतात.

आता मुख्य प्रश्न. उपचारानंतर काही कारणाने काढावे लागलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा नलिकेत आढळलेली ऊती बहुतेक ठिकाणी सिमेंटमसारखी (मुळावरच्या कठीण आवरणासारखी), हाडासारखी किंवा दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंसारखी होती. डेंटिन तयार करणाऱ्या पेशींची शिस्तबद्ध ओळ असलेली खरी दंतमज्जा क्वचितच दिसली. म्हणून अनेक जाणकार याला पुनर्जननापेक्षा दुरुस्ती म्हणणे पसंत करतात, आणि मलाही तेच अचूक वाटते. मात्र ही दुरुस्ती जिवंत ऊतीने केलेली असते. तिच्यात रक्तप्रवाह असतो, म्हणून संरक्षण असते, आणि तिने चढवलेल्या थरांमुळे भिंत जाड होते.

अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स या संस्थेने यशाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या पालकांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली आणि अनिवार्य पायरी म्हणजे पू, सूज आणि दुखणे जाणे व हाड भरून येणे. दुसरी, मूळ जाड आणि लांब होणे, जे व्हावे अशी इच्छा असते पण अट नसते. तिसरी, थंड किंवा विद्युत चाचणीला दाताने प्रतिसाद देणे. पहिली पायरी गाठली आणि दुसरी अर्धीच गाठली, तरी तो उपचार फसला असे म्हणता येत नाही.

एमटीए का नको, याचे उत्तर ‘नको’ असे नाहीच. २०१२ मध्ये थायलंडमधील जीरुफान आणि सहकाऱ्यांनी तीन पद्धतींची तुलना केली होती. त्यात रिजनरेटिव्ह उपचार केलेले सर्व दात टिकले होते, एमटीएचे ९५ टक्के आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे ७७ टक्के. मुळाची रुंदी पहिल्या गटात सरासरी २८.२ टक्के वाढली होती, एमटीएच्या गटात मुळीच वाढली नव्हती. पण तिन्ही गट मिळून ६१ च दात होते, आणि नंतरच्या तुलनांत दात टिकण्याच्या बाबतीत या दोन पद्धतींत ठळक फरक नेहमी दिसलेला नाही. मूळ बरेच वाढलेले असेल आणि टोक थोडेसेच उघडे असेल, तर मी स्वतः एमटीए सुचवेन. मूळ आखूड, भिंत पातळ आणि मूल लहान असेल, तर रिजनरेटिव्ह उपचाराची संधी द्यावी. ती साधली नाही तर एमटीएचा मार्ग बहुधा खुला राहतो. उलट क्रम मात्र सोपा नाही.

दंतवैद्य_पार्ले

निवासी डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यांशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की मज्जा खरोखर मेली आहे का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा असतो. नुकत्याच आलेल्या दातातले मज्जातंतू पूर्ण विकसित झालेले नसतात, त्यामुळे थंड आणि विद्युत चाचण्या निरोगी दातातही फसतात, आणि मार लागल्यावर काही आठवडे तर हमखास फसतात. केवळ चाचणीला उत्तर दिले नाही म्हणून दात उघडू नये. टोक उघडे असलेल्या दातात तुटलेला रक्तपुरवठा आपोआप पुन्हा जुळण्याची शक्यता मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असते. ठरावीक अंतराने एक्स-रे काढून शेजारच्या दाताशी तुलना करत राहावी. मूळ वाढत असेल तर मज्जा जिवंत आहे. मज्जा उघडी पडली पण जिवंत असेल, तर वरचा दुखावलेला एक-दोन मिलिमीटरचा थर काढून औषधी सिमेंटचे आच्छादन करणे, म्हणजे पार्शल पल्पोटॉमी, हा सर्वांत चांगला उपचार असतो, कारण मग मूळ त्याच्या स्वतःच्या मज्जेनेच पूर्ण होते. बकुळफूल यांच्या मुलाच्या बाबतीत पुळी, हाडातली सावली आणि थांबलेले मूळ ही तिन्ही लक्षणे असल्याने शंकेला जागा नाही.

रंगाविषयी: करडेपणा बहुधा दोन कारणांनी येतो. तीन प्रतिजैविकांच्या मिश्रणातले मिनोसायक्लिन दाताला डाग पाडते, म्हणून समोरच्या दातात मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरतो. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडॉन्टॉलॉजीचा २०१६ चा सल्लाही तसाच आहे. दुसरे कारण म्हणजे एमटीएमधले बिस्मथ ऑक्साइड. त्याऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड असलेले बायोडेंटिन हे सिमेंट वापरले तर हा त्रास बराच कमी होतो.

बकुळफूल

आम्ही रिजनरेटिव्ह उपचार करायचे ठरवले आणि काल पहिली भेट झाली. इतरांना उपयोग होईल म्हणून लिहिते.

भूल दिल्यावर रबर डॅम लावला. मुलाला त्याचा ताण आला होता, पण डॉक्टरांनी आधी त्याला तो रबराचा पडदा हातात देऊन ताणून पाहू दिला आणि दाताने रेनकोट घातला आहे असे सांगितले. नलिका कानशीने घासली नाही. १.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक द्रावण २० मिलिलिटर, अगदी सावकाश, पाच मिनिटे, आणि नंतर सलाइन. सुईचे टोक बंद आणि छिद्र बाजूला होते. मी कारण विचारले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की टोक उघडे असल्याने द्रव जोराने पलीकडे गेला तर चेहरा सुजून मोठा त्रास होतो, म्हणून सुई टोकाच्या एक मिलिमीटर अलीकडे ठेवतात. द्रावण सौम्य का, हेही त्यांनी सांगितले: तीव्र द्रावणाने जंतूंबरोबर ज्या स्टेम पेशींवर सारी भिस्त आहे त्याही मरतात. शेवटी कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून दात तात्पुरता बंद केला. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे.

खर्चाविषयी दोघांनी व्यक्तिगत संदेशातून विचारले आहे. आमचा उपचार खासगी दवाखान्यात चालला आहे. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी काय करावे, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

निवासी_डॉक्टर

मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय महापालिकेचे आहे आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले, सीएसएमटीपासून चालत जाण्याइतके जवळचे, शासकीय दंत महाविद्यालय राज्य सरकारचे आहे. दोन्हीकडे शुल्क खासगीपेक्षा पुष्कळ कमी असते. केसपेपर काढून बाल दंतचिकित्सा किंवा एंडोडॉन्टिक्स विभागात पाठवण्याची विनंती करावी, आणि मुलाच्या जुन्या एक्स-रेच्या प्रती सोबत न्याव्यात. गर्दीमुळे फेऱ्या अधिक होतात, हे मनाशी धरून जावे.

दुसऱ्या भेटीबद्दल एक सूचना: त्या दिवशी ॲड्रेनालिन नसलेली भूल लागते. नेहमीच्या भुलीतले ॲड्रेनालिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि मग हवे तेव्हा रक्तच येत नाही.

मधुमालती

मी इतके दिवस हा धागा केवळ वाचत होते. माझ्या भाच्याचा पटाशीचा दात चार वर्षांपूर्वी खेळताना मुळासकट निखळून पडला होता. तो कागदात गुंडाळून, दोन तासांनी, कोरडा दवाखान्यात नेला गेला. पुन्हा बसवला, परंतु पुढे हाडाने त्याचे मूळ खाऊन टाकले. तो दात वाचवता आला असता का, हे मला आजही कळत नाही.

दंतवैद्य_पार्ले

मधुमालती, त्या वेळी घरात कुणालाही जे सुचले असते तेच तुम्ही केले. मुळावरच्या पेशी कोरड्या राहून साधारण तासाभरात मरतात, त्यानंतर दात बसवला तरी हाड त्याला हळूहळू स्वतःत जिरवते. हे वाचणाऱ्या सर्वांसाठी सांगतो: कायमचा दात निखळला तर तो मुकुटाकडून, म्हणजे तोंडात दिसणाऱ्या भागाकडून, धरावा, मूळ घासू नये, माती असल्यास हळूच धुवून तिथल्या तिथे खाचेत परत बसवावा, आणि ते शक्य नसेल तर थंड दुधात ठेवून तातडीने दंतवैद्याकडे यावे. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवत नाहीत.

असा दात दहा वर्षांनी जाणार असला, तरी ती दहा वर्षे मोलाची असतात. चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांट बसवता येत नाही, कारण शेजारचे दात हाडाबरोबर खाली सरकत राहतात आणि इम्प्लांट होता तिथेच राहतो. दात लवकर काढला तर त्या जागेचे हाडही आक्रसते.

बकुळफूल

दुसरी भेट झाली. पुळी नाहीशी झाली होती. १७ टक्के ईडीटीए या रसायनाने नलिका धुतली. त्याने डेंटिनमध्ये अडकून असलेली वाढीची प्रथिने मोकळी होतात, असे डॉक्टर म्हणाले. मग वाकवलेली बारीक फाइल टोकापलीकडे दोन मिलिमीटर नेली आणि रक्त आले. मुलाला त्या क्षणी थोडे टोचले. पंधरा मिनिटे गुठळी होऊ दिली, वर कोलाजेनचा तुकडा, त्यावर बायोडेंटिन, आणि शेवटी दाताच्या रंगाचे सिमेंट. कोपऱ्याचा टवकाही त्याच दिवशी भरून दिला.

गिरगावकर

ऐकून फार बरे वाटले. पहिल्या सहा महिन्यांत चित्रात फरक दिसला नाही तरी धीर सोडू नका. आमच्याकडे आधी हाडातली सावली गेली, भिंतीतला फरक वर्षानंतर दिसू लागला.

बकुळफूल

उपचाराला आज तेरा महिने झाले, म्हणून धागा पुन्हा वर आणते आहे.

सहाव्या महिन्यात सावली निम्म्याहून कमी झाली होती. काल, वर्षाच्या तपासणीत, ती दिसली नाही. भिंत डाव्या बाजूला स्पष्ट जाड झाली आहे, उजव्या बाजूला थोडी. टोकाची रुंदी कमी झाली आहे, लांबी जवळपास तेवढीच आहे. थंड चाचणीला प्रतिसाद नाही. रंग शेजारच्या दातापेक्षा किंचित गडद आहे, पण उपचाराआधी होता त्याहून अधिक झालेला नाही. तुम्ही सर्वांनी आधीच सांगितले असल्यामुळे लांबी वाढली नाही हे ऐकताना मी खचले नाही. माझा प्रश्न असा की त्याचे पुढचे दात वेडेवाकडे येत आहेत आणि दोन वर्षांनी तारा लावाव्या लागतील असे दिसते. त्या या दाताला चालतील का?

दंतवैद्य_पार्ले

फार चांगला निकाल आहे. थंड चाचणीला प्रतिसाद न येण्याची चिंता करू नका, मध्ये सिमेंटचा जाड थर असल्याने थंडावा आत पोहोचणे अवघडच असते.

तारा लावता येतात, परंतु संसर्ग पूर्ण बरा झाल्याची खात्री करून, हलक्या जोराने आणि या दाताचे एक्स-रे अधिक वेळा काढत. ऑर्थोडॉन्टिस्टना पहिल्याच भेटीत उपचाराआधीचा, सहा महिन्यांचा आणि कालचा, असे तिन्ही एक्स-रे द्या. नाहीतर आखूड मूळ पाहून तारांमुळेच मूळ झिजत आहे, असा त्यांचा समज होईल. पुढच्या तपासण्या अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात, त्यानंतर दरवर्षी एक, अशी पाच वर्षे. सायकल चालवताना हेल्मेट आणि मैदानावर मापाचा माउथगार्ड आजपासूनच सुरू करा, कारण हा दात अजून डाव्याइतका मजबूत नाही.

बकुळफूल

माउथगार्डसाठी काल संध्याकाळीच माप देऊन आलो. अठराव्या महिन्याची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत येते, तेव्हाचे चित्र पाहून इथे पुन्हा लिहीन.